भुलेआधी उपाशी: अन्नाचे तास वेगळे, पाण्याचे वेगळे

ऑपरेशनच्या आधी खाणंपिणं कधी बंद करायचं, या एकाच विषयावर इतके प्रश्न आले की हा अख्खा भाग त्यालाच दिला आहे. खाली दिलेले तास आधी ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी आणि एरवी तब्येत धड असलेल्या माणसासाठी आहेत. तुमच्या भूलतज्ज्ञांनी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल, तर त्यामागे तुमच्या आजाराचं किंवा औषधांचं कारण असू शकतं. ते कारण विचारून घ्या आणि त्यांचंच ऐका.

प्रश्न: पोटात अन्न असलं तर फार तर उलटी होईल. एरवीही आजारी माणसाला उलट्या होतात आणि तो सावरतो. मग भुलेच्या वेळीच एवढी भीती कशासाठी?

उत्तर: जागेपणी उलटी होते तेव्हा शरीर एका क्षणात बरंच काही करतं. श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जाऊन घट्ट मिटतं, माणूस आपोआप पुढे वाकतो. एवढं होऊनही थेंबभर श्वासनलिकेकडे गेलाच, तर असा ठसका लागतो की तो बाहेर फेकला जातो. भूल चढली की यातलं काहीही होत नाही.

दुसरी गोष्ट. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. ते आवळलेलं राहतं म्हणून जेवून लगेच आडवं झालं तरी घास परत तोंडात येत नाही. भुलेची बरीचशी औषधं हे कडं सैल करतात. त्यामुळे उमाळा येऊन उलटी व्हायचीही गरज नसते. पोटातलं नुसतं ओघळत घशापर्यंत येतं, कुणाला आवाजही येत नाही. माणूस उताणा, खोकला बंद आणि श्वासनलिकेचं तोंड उघडं. उजव्या फुफ्फुसाची नळी डावीपेक्षा जास्त सरळ खाली उतरते, म्हणून घशाशी आलेलं बहुतेकदा उजवीकडे जातं.

आत गेल्यावर काय होतं, हे काय गेलं त्यावर ठरतं. अन्नाचे तुकडे गेले तर वाट बुजते आणि प्राणवायू काही मिनिटांत खाली येतो. नुसता आंबट रस गेला तर तो फुफ्फुसाच्या नाजूक पडद्याला भाजतो. आधी दम लागतो, छातीत घरघर होते, मग फुफ्फुसात पाणी झिरपतं. अमेरिकेतले प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेल्सन यांनी १९४६ साली हे नीट मांडलं. न्यूयॉर्कमधल्या एका प्रसूतिगृहातल्या ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि भुलेत पोटातलं फुफ्फुसात गेल्याची ६६ उदाहरणं त्यांना सापडली. त्यातल्या दोघी घन अन्नाने श्वास कोंडून दगावल्या होत्या. पुढे त्यांनी सशांवर प्रयोग केले. आम्ल घातलं की फुफ्फुस भाजायचं, तोच ऐवज आम्ल मारून घातला की तसं व्हायचं नाही. या आजाराला आजही त्यांचंच नाव आहे.

हे वरचेवर घडतं का? नाही. उपाशी असलेल्या माणसात हजारो भुलांमागे एखाद्या वेळी. पण घडलं की महागात पडतं. भुलेत श्वासमार्गाबाबत होणाऱ्या गंभीर अपघातांची ब्रिटनमध्ये देशभर पाहणी झाली होती. २०११ साली तिचा अहवाल आला, आणि त्यातल्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण हेच निघालं.

प्रश्न: माझं हर्नियाचं ऑपरेशन दुपारी १ वाजता आहे. कागदावर ‘रात्री १२ नंतर अन्नपाणी बंद’ असं छापलंय. तेरा तास पाण्याशिवाय राहायचं?

उत्तर: राहायला लागू नये. आदल्या दिवशी फोन करून भूलतज्ज्ञांना नेमकं विचारा, ‘पारदर्शक पेय किती वाजेपर्यंत चालेल?’ ‘पाणी चालेल का?’ असं मोघम विचारलंत, तर समोरचा माणूस सवयीने ‘नको’ म्हणून मोकळा होतो.

आज बहुतेक ठिकाणी मानला जाणारा हिशोब असा आहे. पाणी आणि इतर पारदर्शक पेयं भुलेच्या २ तास आधीपर्यंत. आईचं दूध ४ तास. वरचं दूध, पावडरचं दूध आणि हलकं खाणं ६ तास. तळलेलं, तुपकट किंवा मांसाचं जेवण ८ तास किंवा त्याहून जास्त. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ साली अशा सूचना प्रथम काढल्या आणि नंतर त्या वेळोवेळी सुधारल्या. पण अन्न आणि पाणी यांत फरक करणं त्याहून फार जुनं आहे. ब्रिटिश सर्जन जोसेफ लिस्टर यांनी १८८३ सालीच लिहून ठेवलंय की क्लोरोफॉर्म (तेव्हाचं भुलेचं औषध) देताना पोटात घन काही नसावं, मात्र दोन तास आधी कपभर चहा दिला तर रोग्याला बरं वाटतं. मधल्या काळात हा फरक पुसला गेला आणि सगळ्यांना सरसकट रात्री बारा ही वेळ चिकटली. कागदावर छापायला ती सोपी आणि यादीत कुणाचा नंबर कधीही घेता येतो, एवढाच तिचा फायदा.

पाणी आणि अन्न पोटातून एका रीतीने जात नाहीत. पाण्याला कुणी अडवत नाही. साधारण २० मिनिटांत निम्मं पुढे सरकतं, उरलेल्यातलं निम्मं पुढच्या तेवढ्याच वेळात, आणि तासाभरात जवळपास सगळं. घन घासाचं तसं नाही. जठर आधी तो घुसळतं, बारीक करतं. तुकडा एक-दोन मिलिमीटरचा होईपर्यंत खालचं दार त्याला सोडत नाही. आणि चरबी आतड्यात पोहोचली की आतडंच जठराला ‘सावकाश’ असा निरोप पाठवतं. म्हणून तळलेल्या जेवणाला दोन तास जास्त.

तेरा तास कोरडं राहिल्याने पोट जास्त रिकामं होईल, असं वाटणं साहजिक आहे. तसं होत नाही. आपण दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ गिळतो आणि जठर स्वतःचा रस करतच राहतं. कॅनडात १९८६ साली काही जणांना ऑपरेशनच्या दोन-तीन तास आधी १५० मिलिलिटर पाणी देऊन पाहिलं. त्यांच्या पोटात उपाशी राहिलेल्यांपेक्षा जास्त नव्हे, कमीच द्रव सापडला. उलट कोरडं राहिलेल्या माणसाचं डोकं दुखतं, शिरा सापडत नाहीत, भूल देताच रक्तदाब कोसळतो, नंतर मळमळतं. म्हातारी माणसं तर तहानेने गोंधळतात.

आता तुमचं घड्याळ. भूल १ वाजता सुरू होणार असेल तर हिशोबाने सकाळी ७ पर्यंत हलकं खाणं आणि ११ पर्यंत पारदर्शक पेय. पण ऑपरेशनची यादी ठरल्यासारखी चालत नाही. आधीचं ऑपरेशन रद्द झालं तर तुमचा नंबर ११ वाजताच लागेल. म्हणून आमचा सल्ला असा: जेवण आदल्या रात्री साधं आणि वेळेवर, सकाळी घन काही नाही, उठल्यावर पेलाभर पाणी किंवा काळा चहा, आणि ‘लवकरात लवकर कधी बोलावतील’ ही वेळ विचारून तिच्या २ तास आधी शेवटचा पेला. तास मोजायचे ते खाऊन संपल्यापासून, खायला बसल्यापासून नव्हे. नंबर लांबला, तर परिचारिकेला सांगा की तहान लागली आहे, अजून पाणी चालेल का ते विचारून घ्या. काही रुग्णालयांत आता बोलावणं येईपर्यंत घोट घोट पाणी घेऊ देतात. तिथे तसा नियम असेल तरच ते करायचं, आपल्या मनाने नाही.

प्रश्न: काळा चहा चालतो तर त्यात दोन चमचे दूध घातलं म्हणून काय बिघडतं?

उत्तर: दूध पेल्यात पातळ असतं, पोटात नाही. जठरातल्या आम्लात ते नासतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. तिथून पुढे त्याची वाटचाल अन्नासारखी. युरोपातल्या काही सूचनांमध्ये चहा-कॉफीत एक-पंचमांशापर्यंत दूध चालवून घेतलं आहे, इतरत्र दुधाचा चहा सरळ ६ तासांत धरतात. घरी एक-पंचमांश कुणी मोजत नाही. तेव्हा त्या दिवशी दूध नकोच.

पारदर्शक म्हणजे काय, हे ओळखायची सोपी खूण आहे. काचेच्या पेल्यात पेय ओता, पेला छापील मजकुरासमोर धरा. पलीकडची अक्षरं वाचता आली तर ते पारदर्शक. रंग असला तरी हरकत नाही. पाणी, साखरेचं पाणी, जलसंजीवनी, चोथा नसलेला सफरचंदाचा रस, काळा चहा, काळी कॉफी हे सगळं यात बसतं. साखर घातली तरी चालते. संत्र्याचा गरासकट रस, स्मूदी, प्रोटीनची पावडर घातलेलं पेय बसत नाही. गाळलेलं सूप दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात चरबी उतरलेली असते, ते टाळा. दारू पारदर्शक असली तरी ती या हिशोबात नाही, तिला पूर्ण बंदी.

रोज सकाळी कॉफी लागणाऱ्यांनी काळी कॉफी मुद्दाम घ्यावी. ऑपरेशननंतरची डोकेदुखी कित्येकदा भुलेची नसते, चुकलेल्या कॉफीची असते.

काही ठिकाणी ऑपरेशनआधी पिष्टमय साखरेचं खास पेय देतात, साधारण ४०० मिलिलिटर, त्यात ५० ग्रॅम कर्बोदकं. त्याने तहानभूक शमते. मधुमेह असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

प्रश्न: मोठी मुलगी ४ वर्षांची, धाकटा ७ महिन्यांचा. योगायोगाने दोघांचीही छोटी ऑपरेशनं एकाच आठवड्यात आहेत. दोघांना किती वेळ उपाशी ठेवायचं?

उत्तर: लहान मुलांना कमीत कमी उपाशी ठेवायचं, हे आधी मनाशी पक्कं करा. त्यांच्या यकृतात साखरेचा साठा थोडा असतो. जास्त वेळ गेला की मूल किरकिरं होतं, मग मलूल, आणि कोरडं पडलं की सुई लावताना चार ठिकाणी टोचावं लागतं.

धाकट्याची भूल सकाळी ८ वाजता असेल, तर अंगावरचं दूध पहाटे ४ पर्यंत संपवायचं. म्हणजे साडेतीनला त्याला उठवून पाजायचं, तो आपणहून उठेल या भरवशावर राहायचं नाही. पावडरचं किंवा गाईचं दूध असेल तर २ वाजेपर्यंत. आईच्या दुधाला कमी वेळ का? त्यात मठ्ठ्यासारखा पातळ भाग जास्त आणि गुठळ्या धरणारं केसीन कमी, त्यामुळे ते लवकर सरकतं. बाटलीत दूध घट्ट करायला काही मिसळत असाल तर ते अन्नच समजा. नंतर ६ वाजेपर्यंत थोडं पाणी देता येतं. वरचं पाणी अजून सुरू केलं नसेल तर काय द्यायचं, ते रुग्णालयातच विचारा.

मुलीला आदल्या रात्री जेवण, सकाळी पाणी किंवा पातळ रस. युरोपातल्या २०२२ सालच्या सूचना मुलांसाठी जास्त सैल आहेत: पारदर्शक पेय १ तास आधीपर्यंत, आईचं दूध ३ तास, पावडरचं दूध ४ तास. अमेरिकेत २ तासांचा नियम कायम आहे, पण २०२३ साली त्यांनीही बजावलं की मुलांचा उपाशी वेळ शक्य तितका २ तासांच्या जवळ ठेवा. तुमचं रुग्णालय कोणता नियम पाळतं ते विचारा. एक तासाचा नियम असेल तिथे प्रमाण साधारण वजनाच्या दर किलोला ३ मिलिलिटर. सोळा किलोच्या मुलीला ५० मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे छोट्या कपात अर्धा.

आणखी दोन सूचना, आणि त्या आम्हाला फार महत्त्वाच्या वाटतात. मुलांचा नंबर यादीत पहिला लावायला सांगा. आणि घरातून निघताना मुलीचे खिसे, दप्तर, गाडीची मागची सीट तपासा. भुकेल्या मुलाला बिस्किटाचा पुडा बरोबर सापडतो, आणि रडणं बघवेना म्हणून मायेने हातात काहीतरी ठेवणारं माणूसही घरात असतंच. त्या सकाळी मूल सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कारणासकट सांगून ठेवा.

प्रश्न: मला मधुमेह आहे. गोळ्या आहेत, रात्री इन्सुलिन आहे आणि वजनासाठी आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलंय. उपाशी राहायचं तर यातलं काय घ्यायचं?

उत्तर: हा प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सोडवायचा नाही, किमान आठवडाभर आधी विचारायचा. कारण प्रत्येक औषधाचा हिशोब वेगळा आहे.

वजनाचं किंवा मधुमेहाचं साप्ताहिक इंजेक्शन, म्हणजे सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड, ड्युलाग्लुटाइड यांपैकी काही असेल, तर ते पोटच संथ करतं. भूक मरते त्यात याचाही वाटा आहे. आठ-दहा तास उपाशी राहूनही काहींच्या पोटात अन्न सापडतं. अमेरिकेत जून २०२३ मध्ये साप्ताहिक इंजेक्शन एक आठवडा आधी बंद ठेवायला सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अनेक संघटनांनी मिळून सूचना बदलल्या: बहुतेकांनी औषध चालू ठेवावं, पण ज्यांना धोका जास्त त्यांनी आदले २४ तास फक्त द्रव आहार घ्यावा. धोका जास्त कुणाला? नुकतंच सुरू केलेलं किंवा डोस वाढवत असलेले, मोठा डोस असलेले, आणि ज्यांना मळमळ, उलटी, पोट गच्च वाटणं हे त्रास चालू आहेत ते. सेमाग्लुटाइड निम्मं उतरायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे एक डोस चुकवला म्हणजे औषध अंगातून गेलं असं होत नाही. ‘हे तर वजनाचं, औषध थोडंच आहे’ असं समजून बरेच जण ते सांगतच नाहीत. तुम्ही सांगा, शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला तेही सांगा.

गोळ्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आहे का बघा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन. ह्या ऑपरेशनच्या ३ दिवस आधी थांबवतात, एर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस आधी. उपाशी शरीरात या गोळ्यांमुळे रक्तात किटोनचं आम्ल साचू शकतं, आणि फसवं असं की साखर फारशी वाढलेली नसते. ग्लुकोमीटर बघून कुणालाच शंका येत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या साखर खाली आणणाऱ्या गोळ्या उपाशीपोटी सकाळी घ्यायच्या नाहीत. मेटफॉर्मिनबाबत ठिकठिकाणी पद्धत वेगळी आहे, विचारा.

रात्रीचं दीर्घकाळ टिकणारं इन्सुलिन सहसा पूर्ण बंद करत नाहीत, थोडं कमी करतात, बहुधा नेहमीच्या ७५ ते ८० टक्के. जेवणाआधीचं झटपट इन्सुलिन जेवण नाही तर नाही. टाइप १ मधुमेह असणाऱ्यांनी इन्सुलिन स्वतःच्या मनाने कधीच थांबवू नये.

सकाळी घाम, थरथर, साखर ७० च्या खाली असेल तर उपाशी राहण्याचा नियम कवटाळून बसू नका. पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, आणि रुग्णालयात पोहोचताच किती वाजता काय घेतलं ते सांगा. साखरपाणी पारदर्शक आहे, फार तर ऑपरेशन थोडं मागे जाईल. चॉकलेट किंवा दूध मात्र घेऊ नका, ते अन्नात जातं.

प्रश्न: सकाळची रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घेतली तर उपाशी राहणं मोडतं का?

उत्तर: नाही. घोटभर पाण्याने गोळी घ्यायला हरकत नसते. प्रश्न कोणती गोळी, हा आहे. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके संथ करणारी गोळी), थायरॉइडची, फिट्सची, पार्किन्सनची औषधं आणि दम्याचे पंप चुकवायचे नाहीत. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टान’ने संपणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या बरेच भूलतज्ज्ञ २४ तास आधी थांबवतात, कारण भुलेत रक्तदाब फार खाली जातो. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा निर्णय सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतात. पाकिटंच पिशवीत घालून न्या, ‘एक पांढरी आणि एक छोटी गुलाबी’ यावरून कुणालाच काही कळत नाही.

प्रश्न: दात घासणं, च्युइंग गम, सिगारेट?

उत्तर: दात घासा, चूळ भरा, थुंका. तोंड स्वच्छ असलेलं बरंच. च्युइंग गमने लाळ वाढते, पण नुसतं चघळल्यामुळे ऑपरेशन रद्द करायची गरज नाही असं आता मानतात. मात्र भुलेआधी ते तोंडातून काढलेलंच हवं, आणि गिळलं असेल तर सांगायलाच हवं. सिगारेट आणि व्हेप नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो आणि निम्मा उतरायलाच चारेक तास लागतात. आदल्या दिवसापासून सोडलीत तरी फायदा आहे.

प्रश्न: मला फक्त कमरेतून भूल देणार आहेत, मी जागाच असणार. मग उपाशी का?

उत्तर: कमरेतली भूल काही वेळा अपुरी चढते, काही वेळा जास्त वर चढते, कधी ऑपरेशन तिच्यापेक्षा लांबतं. तेव्हा मध्येच पूर्ण भूल द्यावी लागते, आणि त्या क्षणी पोट रिकामं करायला वेळ नसतो. शिवाय तिने रक्तदाब उतरला की जागेपणीच उलटी येते. झोपेचं इंजेक्शन देऊन केलेल्या एंडोस्कोपीलाही (दुर्बिणीच्या नळीने आतून केलेली तपासणी) हेच लागू, कारण गुंगी किती खोल जाईल हे आधी सांगता येत नाही.

याउलट चामखीळ काढणं, दात काढणं, बोटाला टाके अशा नुसत्या जागेवरच्या इंजेक्शनला उपाशी राहायची गरज नसते. उलट थोडं खाऊनच जा, उपाशी माणसाला सुई बघून भोवळ येते.

प्रश्न: भाच्याचा हात खेळताना मोडला, खाली रक्तपुरवठा होत नव्हता. तासाभरापूर्वी तो पोटभर जेवला होता, तरी लगेच भूल दिली. मग नियम एवढा पक्का कसा?

उत्तर: रक्त न पोहोचणारा हात सहा तास थांबू शकत नाही. इथे वाट बघण्याचा धोका भरल्या पोटाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो. आणि थांबून फायदाही बेताचाच, कारण दुखापत, भीती आणि वेदनाशामक मॉर्फिन यांनी पोटाची हालचाल जवळपास थांबते. म्हणून अपघातात भूलतज्ज्ञ विचारतात की जेवणानंतर किती वेळाने लागलं. जेवण आणि दुखापत यांमधलं अंतर कामाचं, त्यानंतर गेलेल्या तासांवर भरवसा नसतो.

अशा वेळी भुलेची पद्धतच बदलते. ओढून घेणारं यंत्र चालू करून त्याची नळी उशीखाली ठेवतात. डोक्याकडची बाजू थोडी वर करतात. चेहऱ्यावर मास्क घट्ट बसवून तीन मिनिटं शुद्ध प्राणवायू देतात, म्हणजे पुढचा मिनिटभर श्वास बंद राहिला तरी निभावतं. मग झोपेचं औषध आणि स्नायू सैल करणारं औषध एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता. एरवी मास्कमधून फुगा दाबून श्वास देतात, इथे शक्यतो दाबत नाहीत, कारण ती हवा पोटात जाऊन अन्न वर ढकलते. ४५ ते ६० सेकंदांत श्वासनलिकेत नळी जाते, तिच्या टोकाचा फुगा फुगवला की फुफ्फुसाची वाट बंद होते. नळी बरोबर जागी आहे हे पडद्यावर कार्बन डायऑक्साइडची लाट दिसली की कळतं. काही जण दरम्यान गळ्यावरचं कडक कूर्चेचं कडं मागे दाबून धरतात, म्हणजे अन्ननलिका चेपली जाते. ब्रिटिश भूलतज्ज्ञ ब्रायन सेलिक यांनी १९६१ साली ही युक्ती मांडली, तिच्या उपयोगाबद्दल आज मतभेद आहेत. शेवटी पेशंट पूर्ण जागा होऊन स्वतः गिळू लागल्यावरच नळी काढतात.

मग सगळ्यांनाच अशी भूल का देत नाहीत? कारण औषधं अंदाज न घेता एकदम द्यावी लागतात, रक्तदाब कोसळू शकतो, आणि नळी पहिल्या प्रयत्नात गेली नाही तर हाताशी सेकंद उरतात. धोका कमी होतो, संपत नाही.

प्रश्न: आईने ऑपरेशनच्या सकाळी दोन बिस्किटं खाल्ली होती. विचारल्यावर तिने खरं सांगितलं, तर ऑपरेशन पुढे ढकललं. दोन बिस्किटांनी असं काय होणार होतं?

उत्तर: तुमचा त्रास खरा आहे, तरी आईंनी सांगितलं हे फार चांगलं केलं. दोन बिस्किटं म्हणजे दळलेलं पीठ आणि चरबी. वय, मधुमेह, जळजळ, मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काही असेल तर ती किती वेळ पोटात राहतील याचा नेम नाही.

असं झालं तर काय खाल्लं, किती आणि किती वाजता, हे तिन्ही सांगा. दरवेळी ऑपरेशन रद्दच होतं असं नाही. सहाला खाल्लं असेल तर बारानंतरचा नंबर मागता येतो. काही ठिकाणी सोनोग्राफीने पोट बघतात. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवून जठराच्या खालच्या टोकावर प्रोब ठेवायचा. रिकामं असेल तर ते चपटं, भिंती एकमेकींना चिकटलेलं दिसतं. घन अन्न असेल तर आत पांढुरका गढूळपणा. नुसता द्रव असेल तर मापं घेऊन अंदाज काढतात, वजनाच्या दर किलोला दीड मिलिलिटरपेक्षा जास्त असेल, म्हणजे साठ किलोच्या माणसात ९० मिलिलिटरच्या वर, तर पोट भरलेलं धरायचं.

नाकातून नळी घालून पोट उपसता येतं ना, असंही पुष्कळ जण विचारतात. पातळ रस येतो, घासाचे तुकडे त्या अरुंद नळीतून येत नाहीत.

प्रश्न: कोलोनोस्कोपीसाठी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) पहाटे दोन लिटर औषधी पाणी प्यायला सांगतात. मग ते उपाशी राहणं कसलं?

उत्तर: ते पाणी पारदर्शक असतं आणि पोटात थांबत नाही, म्हणून चालतं. दुसरा डोस तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून निदान २ तास आधी संपवायचा. त्यानंतर काही नाही. लाल-जांभळी पेयं टाळा, आत ती रक्तासारखी दिसतात.

प्रश्न: ऑपरेशन झाल्यावर पाणी कधी द्यायचं? घरचे म्हणतात गॅस सरल्याशिवाय थेंब नको.

उत्तर: आतड्याचं मोठं ऑपरेशन असेल तर सर्जन सांगतील तसं, आणि तिथेही आता लवकर सुरू करण्याकडे कल आहे. बाकी बहुतेक ऑपरेशनांत, सिझेरियन धरून, गॅस सरायची वाट बघावी लागत नाही. पेशंट पूर्ण जागा हवा, नाव विचारल्यावर नीट बोलणारा, खोकला येणारा. त्याला टेकवून बसवा, दोन चमचे पाणी द्या. ठसका नाही, मळमळ नाही, तर १५-२० मिनिटांनी अर्धा कप. मग चहा, मग हलकं खाणं. उलटी झाली तर तासभर थांबून पुन्हा दोन चमच्यांपासून. कमरेतल्या भुलेत माणूस जागाच असतो, त्याला आणखी लवकर देता येतं. घशात बधिर करणारा फवारा मारून एंडोस्कोपी केली असेल तर जीभ आणि घसा पूर्ववत होईपर्यंत, सुमारे तासभर, पाणीही नको. लहान मुलांना ‘प्यायलास तरच घरी सोडतील’ म्हणून बळेच पाजू नका, त्यानेच उलटी होते. ते मागतील तेव्हा द्या.